केविनला कोणी वाचवलं?

डिसेंबर लागला की हॉस्टेलमध्ये माझा भाव एकदम वधारतो. एरवी मी कोण? बी विंगमधला, ज्याचं जर्नल कॉपी करायला मिळतं तो. पण महिना बदलला रे बदलला की मेसच्या रांगेत कोणीतरी पाठीवर थाप मारणारच, "काय रे, तुमचा सण आला! केक कधी?" आणि मागोमाग दुसरा प्रश्न, "टीव्ही रूममध्ये पिक्चर कुठला लावायचा? तू सांग, तुला माहीत असणार." जणू बाप्तिस्म्याच्या वेळी फादरांनी डोक्यावर पाणी ओतलं आणि हातात हॉलिवूडची यादी ठेवली!

केकचं उत्तर सोपं आहे. वर्गणी काढा. पिक्चरच्या बाबतीत मात्र मी एकदा सपशेल तोंडघशी पडलोय, आणि त्यावरून रूमवर इतके वाद झालेत की एकदा काय ते लिहूनच टाकावं म्हटलं.

आधी एक खुलासा, कारण तो दर वर्षी करावा लागतो. मी वसईचा. आमच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत, मराठी बोलतात. गावात तर आमची सामवेदी बोली, जी तुम्हा पुणे-नाशिकवाल्यांना पहिल्या झटक्यात कळणारही नाही. मिस्सा मराठीत, गाणी मराठीत, आजीची जपमाळ मराठीत. नाताळात आमच्याकडे बर्फ पडत नाही, वाडीत केळींना पाणी सोडलेलं असतं. त्यामुळे धुराडं, रेनडिअर, लाल टोपी हे सगळं मलाही तुमच्यासारखंच टीव्हीवरून कळलं. या बाबतीत आपण एकाच बेंचवर.

माझ्याकडे तुमच्यापेक्षा एकच गोष्ट जास्त आहे, ती म्हणजे आजी. वय ८४. दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२ ते ६५) झाली आणि मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली, तोवर तिचं लग्न होऊन गेलं होतं. लॅटिनमधली उत्तरं तिला अजून तोंडपाठ आहेत. अर्थ विचारला तर म्हणते, "देवाला कळतो ना!" परंपरावादी वगैरे शब्द तिच्या गावीही नाहीत, पण परंपरावादी कॅथलिक कसा असतो हे बघायचं असेल तर तिला बघावं.

तिच्या हिशेबाने नाताळाच्या आधी चार रविवार आगमनकाळ. वेदीवर जांभळा रंग, खाण्यापिण्यावर आवर, कन्फेशन, आणि मुख्य म्हणजे वाट बघणं. करंज्या तळून डब्यात तयार, पण मध्यरात्रीच्या मिस्सेआधी झाकण उघडायचं नाही. गोठा सजवायचा, मरिया आणि योसेफ ठेवायचे, मेंढरं ठेवायची, गव्हाण मात्र रिकामी. लहानपणी मी एकदा आठवडाभर आधीच बाळ येशू गव्हाणीत ठेवून दिला. तिने तो उचलला आणि परत कपाटात ठेवला. "अजून जन्मला नाही तो," एवढंच म्हणाली. आणि सण एकदा सुरू झाला की लगेच संपत नाही. २६ ला संत स्तेफान, पहिला रक्तसाक्षी. २८ ला हेरोदाने मारलेली बेथलेहेमची बाळं. ६ जानेवारीला तीन राजे. जुन्या पद्धतीने तर २ फेब्रुवारीपर्यंत गोठा हलवायचा नाही.

हॉलिवूडचं कॅलेंडर बरोब्बर उलटं. तिथे नाताळ नोव्हेंबरातच सुरू होतो आणि २५ तारखेला सकाळी भेटवस्तूंचे कागद फाडले की खलास. उपास नाही, कन्फेशन नाही, वाट बघणं नाही. हेरोद तर नाहीच नाही. पीएल न देता डायरेक्ट परीक्षा आणि लगेच डिस्टिंक्शन, असला प्रकार!

आता पारंपरिक कॅथलिक नजरेने पिक्चर बघायचा म्हटलं की लोकांना वाटतं, आली सेन्सॉरची कात्री. चुंबन किती, शिव्या किती, दारू किती, मोजा! खोटं कशाला बोलू, हे पूर्वी खरंच झालेलं आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅथलिकांनी 'लीजन ऑफ डीसेन्सी' नावाची संघटना काढली. ती प्रत्येक पिक्चरला ग्रेड द्यायची. ए म्हणजे चालेल, बी म्हणजे काही भाग आक्षेपार्ह, सी म्हणजे बघायचाच नाही. १९३६ मध्ये पोप पायस अकरावे यांनी सिनेमावर एक अख्खं परिपत्रक काढलं, 'व्हिजिलांती कूरा', आणि त्यात या मंडळींचं कौतुक केलं. सिनेमासारखं दुसरं साधन नाही, त्याने माणूस घडतोही आणि बिघडतोही, असा त्या परिपत्रकाचा सूर. आजच्या रील्सच्या जमान्यात हे फारसं चुकीचं वाटत नाही, हेही सांगून टाकतो.

पण या लीजनची एक गंमत ऐका. १९४७ साली 'मिरॅकल ऑन थर्टी फोर्थ स्ट्रीट' आला. न्यूयॉर्कच्या दुकानातला एक म्हातारा म्हणतो की मीच खरा सांताक्लॉज. नाताळच्या पिक्चरांमधला हा मानाचा गणपती. (बाकी हा नाताळचा पिक्चर रिलीज झाला भर उन्हाळ्यात, तो भाग वेगळा.) लीजनने त्याला ग्रेड दिली बी! कारण काय, तर नायिका घटस्फोटित आहे.

म्हणजे जर्नलचं कव्हर खाकी नाही म्हणून रिजेक्ट, आत ग्राफ चुकलाय तो कोणी बघितलाच नाही! कारण आजीच्या नजरेने बघितलं तर या पिक्चरची खरी भानगड शेवटी आहे. म्हातारा खरा सांता की नाही याचा निकाल लागतो कोर्टात, आणि पुरावा काय, तर सांताच्या नावाची पोतीभर पत्रं पोस्टखात्याने याच्याकडे पोहोचवली. पोस्टखातं मानतं, म्हणून कोर्ट मानतं, म्हणून आपणही मानायचं. चमत्काराला सरकारी शिक्का! पिक्चर गोड आहे, म्हाताऱ्याचं काम झकास आहे. पण श्रद्धेचं प्रकरण त्यात बोनाफाईड सर्टिफिकेटवर मिटवलंय.

'द पोलार एक्स्प्रेस' (२००४) त्याच्याही पुढचा. रात्री आगगाडी दारात येते, उत्तर ध्रुवावर नेते, आणि शेवटी कंडक्टर पोराच्या तिकिटावर भोकं पाडून एक शब्द उमटवतो, 'बिलीव्ह'. विश्वास ठेव. ठीक आहे, ठेवतो. कशावर? ते तिकिटावर नाही. विश्वास ठेवणं हेच मोठं, कशावर ठेवतोस ते तुझं तू बघ! आजीच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात हे उत्तर लिहिलं असतं तर शून्य मार्क. क्रियापद आहे, कर्म कुठाय?

मग ती कसं जोखते? यादी काढून नाही. मला तिच्याबरोबर टीव्ही बघून बघून जे कळलं ते असं, की तिला एकच गोष्ट बघायची असते. पिक्चरमधल्या कोणाला तरी हे कळतं का, की माझं मला जमणार नाही? नाताळ म्हणजे तिच्या लेखी हेच. माणसांना स्वतःला वाचवता येईना, म्हणून वाचवणारा बाहेरून आला, आणि तोही गोठ्यात, ज्यांना कोणी बोलावलंच नसतं त्या मेंढपाळांसमोर. त्याला कृपा म्हणतात. कृपा कमवता येत नाही, मागावी लागते, आणि मागायच्या आधी आपलं काय चुकलं ते तोंडाने सांगावं लागतं. ज्या पिक्चरमध्ये हे आहे तो नाताळचा, मग त्यात झाड असो नसो. नसेल तर मग लायटिंग कितीही असू दे, ते गॅदरिंग.

आता घ्या 'होम अलोन' (१९९०). हा आपल्या हॉस्टेलचा राष्ट्रीय चित्रपट. मेकॅनिकलवाले तर तो ट्यूटोरियल असल्यासारखा बघतात. दोरीला टांगलेले रंगाचे डबे, जिन्यावरचा बर्फ, तापवलेली दाराची मूठ. आजीने तो आमच्याकडे हिंदीत डब केलेला बघितला आणि चोराच्या तोंडावर इस्त्री पडली तेव्हा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग चर्चचा सीन आला आणि ती एकदम गप्प झाली.

आठवतोय ना सीन? चोवीस डिसेंबरची संध्याकाळ. आत मुलं नाताळगीताचा सराव करताहेत. केविन एकटा बाकावर बसलाय. शेजारचा मार्ली नावाचा म्हातारा येऊन बसतो, ज्याच्याबद्दल पोरांनी भयंकर अफवा पसरवलेल्या असतात. दोघं बोलायला लागतात. केविन सांगतो की मी या वर्षी घरच्यांशी वाईट वागलो. म्हातारा सांगतो की मुलाशी भांडण झालं, वर्षानुवर्षं बोलणं नाही, नात गाते ते ऐकायलाही असं चोरून यावं लागतं. केविन म्हणतो, मग फोन कर ना. आजी म्हणाली, "हे तर कन्फेशन चाललंय. फादर कुठे गेले?"

मी तो पिक्चर वीस वेळा बघितला असेन, माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. खरंच तो कन्फेशनचाच सांगाडा आहे. चूक सांगितली, खंत वाटली, प्रायश्चित्त मिळालं. फक्त पापक्षमा देणारा धर्मगुरू जागेवर नाही, त्याच्या खुर्चीत आठ वर्षांचं पोरगं बसलंय. हॉलिवूड इथपर्यंत येतं आणि दारातून परत फिरतं. त्यानंतर केविन उठतो आणि सापळे लावायला घरी पळतो. आजीचा शेरा, "मिस्सा सोडून चोर पकडायला गेला!" पॅरिसला गेलेल्या त्या एवढ्या मोठ्या खानदानातलंही कोणी मिस्सेला जाताना दिसत नाही, हेही तिने बरोब्बर टिपलं होतं.

पण पुढे बघा. पोरांनो, तुम्ही ज्या सापळ्यांवर फिदा आहात ते सगळे शेवटी फेल जातात! नीट आठवा. चोर केविनला पकडतात, दाराच्या हुकाला टांगतात. त्याचं सगळं जुगाड संपलेलं असतं. आणि मागून मार्ली येतो, बर्फ काढायचं फावडं घालतो दोघांच्या डोक्यात. ज्या माणसाला बघून केविन पळत होता, त्यानेच वाचवलं. आपण हा शॉट विसरतो, कारण आपल्याला सापळेच आवडतात. इंजिनिअर ना!

आणि त्याच पिक्चरमधली आई. विमान मिळत नाही म्हणून स्क्रँटनच्या विमानतळावर ती ओरडते की सैतानाला आत्मा विकावा लागला तरी चालेल, पण मी घरी जाणार. इथे आजीने क्रुसाची खूण केली. पण सैतान आला नाही, पोल्का बँडवाल्यांची गाडी आली. फुकट लिफ्ट! घरी पोहोचल्यावर ती आधी काय करते, तर पोराची माफी मागते. तेव्हा माझ्या मते 'होम अलोन' पास आहे. फर्स्ट क्लास नाही, पण विनाकेटी पास.

याउलट ज्यात येशूचंच नाव आहे तो तरी पास होतो का? 'द नेटिव्हिटी स्टोरी' (२००६). व्हॅटिकनमध्ये प्रीमियर झालेला हा पहिला कथापट. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दाखवला तेव्हा मी खूप लहान होतो, मला गाढव तेवढं आवडलं. पुन्हा मोठेपणी आजीबरोबर बघितला. सुरुवातच हेरोदाच्या सैनिकांनी बाळं मारण्यापासून, हे तिला पटलं. २८ डिसेंबर विसरला नाही म्हणाली. योसेफ तिला फार आवडला. दमलेला, शंका येणारा, तरी साथ न सोडणारा. पण मरियेला प्रसूतीच्या कळा येतात तो सीन आला आणि आजीने जपमाळ हातात घेतली. बोलली काहीच नाही.

तुम्हाला वाटेल यात काय एवढं! पण जुन्या शिकवणीप्रमाणे प्रसूतीच्या वेदना आल्या त्या आदिपापामुळे, आणि मरिया त्या पापाशिवाय जन्मली. म्हणून तिला कळा आल्या नाहीत. काचेतून ऊन आरपार जावं आणि काच तशीच राहावी, असा दाखला ट्रेंटच्या परिषदेनंतर निघालेल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात आहे. जगभरातल्या परंपरावादी मंडळींनी या सीनवर आक्षेप घेतला तो म्हणून. दिग्दर्शिकेला मरिया 'आपल्यातली' करायची होती. आपल्यातलीच हवी तर मग तिला हाका कशाला मारायच्या, हा आजीचा प्रश्न. मला स्वतःला तो सीन तितका खटकला नाही. मला खटकली ती पूर्वार्धातली मरिया, रुसलेली, कॉलेजच्या सीरियलमधल्यासारखी. पिक्चर भक्तिभावाने काढलाय यात शंका नाही, पण भक्तिभावाने काढलेलं ड्रॉइंगसुद्धा स्केल चुकलं की चुकतंच.

गंमत म्हणजे याचं बरंच शूटिंग झालं इटलीतल्या मातेरा गावात, आणि त्याच गावात चाळीसेक वर्षं आधी एका नास्तिक, मार्क्सवादी माणसाने येशूवर पिक्चर काढला होता. पासोलिनी. 'द गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट मॅथ्यू' (१९६४). पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला अर्पण केलेला. येशूचं काम करणारा एक स्पॅनिश विद्यार्थी, आपल्यासारखाच, ज्याने आधी कधी ॲक्टिंग केली नव्हती. सुरुवातीला गरोदर मरिया उभी, समोर योसेफ. दोघं एक शब्द बोलत नाहीत. तो निघून जातो. मग देवदूत त्याला सांगतो आणि तो परत येतो. बस्स, एवढंच. ना व्हायोलिन, ना अश्रू. १९९५ मध्ये सिनेमाला शंभर वर्षं झाली म्हणून व्हॅटिकनने ४५ उत्तम चित्रपटांची यादी काढली, त्यात हा आहे. (त्याच यादीत अटेनबरोचा 'गांधी'ही आहे.) लीजनच्या पद्धतीने दिग्दर्शकाचं कॅरेक्टर सर्टिफिकेट मागितलं असतं तर हा माणूस गेटवरच अडला असता.

त्याच यादीत 'इट्स अ वंडरफुल लाइफ'ही आहे, आणि इथे येतो माझ्या तोंडघशी पडण्याचा किस्सा. सेकंड इयरला मी छातीठोकपणे हा पिक्चर सुचवला. १९४६ चा, ब्लॅक अँड व्हाइट, सव्वादोन तासांचा. देवदूत खाली उतरायलाच पावणेदोन तास लागतात! अर्ध्या तासात निम्मी टीव्ही रूम रिकामी. एकजण जाताना म्हणाला, "भावा, यापेक्षा थर्मोचं लेक्चर बरं." शेवटी मी, झोपलेले दोघं आणि आमच्या विंगमधला एक मुलगा, एवढेच उरलो. त्या मुलाला त्या वर्षी वायडी लागला होता. घरी सांगितलेलं नव्हतं. ही गोष्ट विंगमध्ये सगळ्यांना माहीत होती आणि कोणीच त्याच्याशी त्याबद्दल बोलत नव्हतं. मी धरून.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी. जॉर्ज बेली नावाचा सज्जन माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी खपतो. नाताळच्या आदल्या दिवशी त्याच्या पतसंस्थेचे ८,००० डॉलर त्याच्या विसरभोळ्या काकांच्या हातून गहाळ होतात, नेमके गावातल्या सावकाराच्या, पॉटरच्या हातात पडतात, आणि तो ते गुपचूप ठेवून घेतो. जॉर्ज बारमध्ये बसून प्रार्थना करतो, म्हणतो मी काही प्रार्थना करणारा माणूस नाही. मग पुलावर जातो, उडी मारायला. तेवढ्यात दुसराच कोणीतरी नदीत पडतो आणि जॉर्ज त्याला वाचवायला उडी मारतो. तो देवदूत, क्लॅरन्स. मग तो जॉर्जला दाखवतो, की तू जन्मलाच नसतास तर या गावाचं काय झालं असतं.

आजीच्या शिकवणीने यात एक घोडचूक आहे. क्लॅरन्स आधी माणूस होता, मेल्यावर देवदूत झाला, आणि आता पंख मिळायची वाट बघतोय, म्हणजे प्रमोशन ड्यू. कॅथलिक शिकवणीत देवदूत ही वेगळीच निर्मिती, माणूस मेला की कधीही देवदूत होत नाही. दिग्दर्शक फ्रँक काप्रा स्वतः सिसिलीत जन्मलेला कॅथलिक घरातला, त्याला हे माहीत नसेल असं वाटत नाही. पण पिक्चर सुरू कसा होतो? पडद्यावर बर्फ पडतोय आणि घराघरातून आवाज येताहेत. सगळं गाव जॉर्जसाठी प्रार्थना करतंय. त्याची पोरंसुद्धा. म्हणजे तो पुलावर जायच्या आधीच मागणं पोहोचलेलं आहे. त्याने स्वतःहून काहीच कमावलं नाही, हे पहिल्या मिनिटालाच सांगून टाकलंय. देवदूताची चूक मी त्यावर माफ करतो. आजी करत नाही.

तर पिक्चर संपला. सगळं गाव पैसे घेऊन आलं, घंटा वाजली. मी लाइट लावला. तो मुलगा तसाच बसलेला. म्हणाला, "त्या पॉटरचं काय झालं? त्याला पकडलं का नाही?"

मी म्हटलं, नाही. पिक्चरमध्ये तो कधीच पकडला जात नाही. पैसे त्याच्याकडेच राहतात. त्या काळच्या हॉलिवूडच्या नियमावलीनुसार गुन्हेगाराला शिक्षा दाखवावीच लागायची, तरी हा सुटला.

"मग हे बरोबर नाही," तो म्हणाला. मग थोडा वेळ गेला. "म्हणजे पैसे गेले ते गेलेच. तरी चालतं?"

मला उत्तर सुचलं नाही. आम्ही दोघं खाली चहाच्या टपरीवर गेलो, रात्री दीडला, आणि पहिल्यांदा त्याच्या वायडीबद्दल बोललो. त्याने दोन दिवसांनी घरी फोन केला. तो पिक्चरमुळे केला असं मी म्हणणार नाही, कदाचित करणारच होता. पण त्याचा प्रश्न मी आजीला सांगितला. ती म्हणाली, "हेरोदाला तरी त्या रात्री कोणी पकडला?"

'डाय हार्ड'वाल्यांनो, तुम्हाला विसरलो नाही. (हा वाद यंदा विंगमध्ये हातघाईवर आला होता.) १९८८ चा, जुलैमध्ये रिलीज झालेला, नाताळच्या पार्टीत घडणारा. नाताळ इथे भिंतीवरच्या झिरमिळ्यांपुरता आहे हे माझं आधीपासूनचं मत. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर एक मार्क द्यावा लागतो. पायांत काचा घुसलेला मॅक्लेन बाथरूममध्ये बसून वॉकी-टॉकीवर त्या पोलिसाला सांगतो, की माझ्या बायकोला सांग, मी चुकलो. हे वॉकी-टॉकीवरचं कन्फेशनच झालं! आणि शेवटी त्यालाही दुसऱ्यानेच वाचवलं, त्याच पोलिसाने. बाकीचे मार्क मुडद्यांमध्ये कापले गेले.

यंदा मी आधीचा धडा लक्षात ठेवून ॲनिमेवाल्यांशी युती केली. 'टोकियो गॉडफादर्स' (२००३), दिग्दर्शक सातोशी कोन. दीड तासाचा, कोणी उठून गेलं नाही. टोकियोतले तीन बेघर, एक दारुडा, एक घरातून पळालेली मुलगी, आणि हाना, जी पुरुष म्हणून जन्मली आणि बाई म्हणून जगते. नाताळच्या रात्री त्यांना कचऱ्यात टाकलेलं बाळ सापडतं. पिक्चर सुरू होतो चर्चमधल्या मुलांच्या नाताळ-नाटकापासून, दोघं तिथे जेवण मिळतं म्हणून गेलेले असतात. मग बाळाच्या आईबापाचा शोध. वाटेत प्रत्येकाचं जुनं पाप, जुनं भांडण समोर येतं, आणि प्रत्येकाला ते तोंडाने कबूल करावं लागतं. योगायोग तर इतके, की कोणीतरी मागे 'कायपण!' म्हणून ओरडलं. मला ते योगायोग वाटले नाहीत. बाळाला देवाने पाठवलं हे हाना पहिल्या क्षणापासून म्हणत असते, बाकीचे हसतात. शेवटी बाळ उंचावरून पडतं, हाना त्याच्यामागे उडी घेते, आणि कुठूनसा वारा येतो...

लीजनच्या यादीत हा बीच्या खाली गेला असता, सीसुद्धा. जुन्या शिकवणीशी हानाचं जगणं बसत नाही, हे मी नाकारत नाही, आणि ते कसं जुळवायचं हे मला अजून कळलेलं नाही. पण संपूर्ण पिक्चरमध्ये गव्हाणीपुढे गुडघे टेकणारं माणूस कोण, तर तीच.

माझी एक ओरल नेमकी २६ तारखेला होती, त्यामुळे यंदा मी घरी जाऊ शकलो नाही. चोवीसच्या रात्री इथल्या चर्चमधून मिस्सा करून येताना आजीला फोन केला आणि चालता चालता गोष्ट सांगितली. कचऱ्याचा ढीग, तिघं भणंग, बाळ, वारा. हानाचं तेवढं 'एक बाई' म्हणून भागवलं.

"बाळ जगलं ना?" तिने विचारलं.

"जगलं."

"मग दाखव मला. जपानी आहे ना? तू बाजूला बसून सांग."

पुढच्या खेपेला लॅपटॉप नेणार आहे. हाना कोण, हे सामवेदीत कसं सांगायचं ते अजून ठरत नाहीये. गोठा काढायच्या आत जायला हवं.